रंग बदलणारी यंत्रं: फ्रेम, बूमरँग, स्क्रोलर आणि नव्याने लाइट्स करणारे

ठाणे-नवी मुंबईतल्या एकांकिकेच्या ग्रुपमध्ये दर हंगामात कुणाला तरी सांगितलं जातं, "यंदा लाइट्स तू बघ." हौस भरपूर असते. डिमरचे (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचे) फेडर, म्हणजे सरकत्या खुंट्या, वर-खाली करणं दोन तालमींत जमतं. अडतं ते रंगापाशी. प्रवेश बदलला की त्याच दिव्यातून दुसरा रंग यायला हवा, आणि दिवा तर उंच बारवर टांगलेला. मग रंग बदलायचा कुणी आणि कसा?

त्यासाठी यंत्रं आहेत. साधी लोखंडी फ्रेम, फॉलोस्पॉटचा बूमरँग, फिरतं कलर व्हील, जिलेटिनची (रंगीत फिल्मची) पट्टी सरकवणारा स्क्रोलर आणि मूव्हिंग हेडच्या, म्हणजे मोटरवर स्वतः वळणाऱ्या दिव्याच्या, आतल्या रंगीत काचा. हे सगळं मराठीत एका जागी लिहिलेलं मला शिकताना मिळालं नाही, म्हणून हा लेख. नवीन मुलं दिग्दर्शकाला विचारतात, "कोणते रंग हवेत?" त्याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न राहून जातो: कोणत्या रंगानंतर कोणता? ही सगळी यंत्रं त्या क्रमावर चालतात. क्रम घरी कागदावर बसला नाही, तर भाड्याने आणलेलं महागडं यंत्रही प्रयोगात नको तिथे नको तो रंग दाखवतं.

१. आधी संहिता घ्या, रंगबदलांच्या जोड्या काढा

यंत्र बुक करण्याआधी संहिता पुढ्यात घेऊन बसा. जिथे जिथे प्रकाशाचा रंग बदलतो तिथे समासात जोडी लिहा: "सकाळ ते दुपार", "संध्याकाळ ते रात्र", "रात्र ते आठवणीतला प्रसंग". मग प्रत्येक जोडीपुढे एक खूण करा. बदल प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत होतोय, की ब्लॅकआऊटमध्ये? मी पहिल्याला "उघडा बदल" म्हणतो आणि दुसऱ्याला "झाकला बदल". झाकल्या बदलात यंत्र कसंही फिरलं तरी चालतं. उघड्या बदलात मात्र ते मधल्या ज्या रंगांवरून जाईल ते सगळे प्रेक्षकाला दिसतात.

समजा एकांकिकेत चाळीतल्या गॅलरीत संध्याकाळ सरून हळूहळू रात्र होते आणि आजोबा तिथेच बसून राहतात. हा उघडा बदल. संध्याकाळचा जर्दाळू रंग आणि रात्रीचा राखाडी निळा पट्टीवर एकमेकांना चिकटून हवेत. मध्ये लाल आला तर आजोबांच्या मागे क्षणभर आग लागल्यासारखं दिसेल. पुढची प्रत्येक पायरी या जोड्यांच्या यादीवर उभी आहे, त्यामुळे इथे घाई करू नका. दिग्दर्शक आणि तुम्ही एक संध्याकाळ याच कामाला द्या.

२. काय काय जवळ हवं

कागदपत्रं: क्यू (प्रकाश कधी आणि कसा बदलायचा त्या खुणा) लिहिलेली संहिता, लाइट प्लॉट (कोणता दिवा कोणत्या बारवर), रंगांच्या नंबरांची यादी, डीएमएक्स ॲड्रेसची यादी (डीएमएक्स म्हणजे केबलवरून यंत्रांना निरोप पोचवण्याची पद्धत, ॲड्रेस म्हणजे त्यातला यंत्राचा नंबर), भाड्याच्या सामानाचं चलन. नाट्यगृहाच्या बुकिंगची पावती किंवा स्पर्धेचं वेळापत्रकही फाइलमध्ये असू द्या, कारण बाहेरचं सामान आत नेताना दारावर ते विचारतात.

हत्यारं: धारदार कटर, लांब स्टीलची पट्टी, कटिंग मॅट किंवा जाड काच, परमनंट मार्कर, पितळी पिना, जाड सुती किंवा चामडी हातमोजे, ॲडजस्टेबल पाना, टेस्टर, सेफ्टी वायर. स्क्रोलरची पट्टी स्वतः बनवणार असाल तर उष्णता सोसणारी पारदर्शक टेप. घरातली सेलोटेप इथे अजिबात नको, कारण पुढे येईल.

कनेक्टर, केबल, पिना हे सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा. खरेदीला एकट्याने जाण्यापेक्षा आवाजाचं काम बघणाऱ्या मित्राला बरोबर घ्या. केबलच्या बाबतीत त्याचा डोळा तयार असतो.

३. जिलेटिन ओळखा

आजचं जिलेटिन म्हणजे पॉलिएस्टर किंवा पॉलिकार्बोनेटची रंगीत फिल्म. ली आणि रॉस्को हे दोन ब्रँड सगळीकडे चालतात आणि रंग नावापेक्षा नंबराने मागितला जातो. काही नंबर पाठ असू द्या. लीचा १०३ म्हणजे स्ट्रॉ, फिकट उन्हाचा. १५२ पेल गोल्ड, १४७ ॲप्रिकॉट, १०५ ऑरेंज, १०६ प्रायमरी रेड. थंड बाजूला २०१, म्हणजे हॅलोजनच्या पिवळट प्रकाशाला दिवसाच्या उजेडाकडे नेणारा निळा. १६१ स्लेट ब्लू, १३२ मीडियम ब्लू, ११९ डार्क ब्लू.

फिल्टर प्रकाशात रंग मिसळत नाही. नको असलेला प्रकाश तो स्वतःत शोषतो आणि उरलेला पुढे जाऊ देतो. १०३ मधून साधारण ८० टक्के प्रकाश पलीकडे जातो, २०१ मधून जेमतेम एक तृतीयांश, आणि ११९ मधून फक्त ३ टक्क्यांच्या आसपास. याचे दोन परिणाम लगेच लक्षात घ्या. एक, रात्रीच्या प्रवेशात ११९ लावलात तर एका दिव्याने चेहरा दिसणार नाही, चार दिवे मोजा. दोन, अडवलेला प्रकाश उष्णता होऊन फिल्ममध्येच राहतो, म्हणून गडद निळे आणि हिरवे सर्वांत आधी फिके पडतात आणि जळतात. जास्त तापणाऱ्या दिव्यांसाठी लीची एचटी मालिका मिळते. गडद रंग तिच्यातलेच घ्या.

दोन फिल्टर एकावर एक ठेवले की प्रकाश आणखी वजा होतो. लालावर निळा ठेवला तर जांभळा मिळेल ही शाळेच्या रंगपेटीतली अपेक्षा इथे चालत नाही. जवळपास अंधार मिळतो.

एक सापळा दर गॅदरिंगला दिसतो. स्टेशनरीच्या दुकानातला रंगीत जिलेटिन पेपर, ज्यात भेटवस्तू गुंडाळतात तो, दिव्यावर लावला जातो. तो हजार वॉटच्या पार-६४ दिव्यापुढे वितळतो, धूर होतो आणि आगीचा धोका असतो. दहा मिनिटांच्या नाचासाठीसुद्धा तो वापरू नका.

रंग ठरवताना कपडेपट बघणाऱ्या व्यक्तीला बोलवा. लाल नऊवारी गडद निळ्या प्रकाशात काळी दिसते, हिरवा शालू लालात काळवंडतो. मोबाइलच्या टॉर्चपुढे जिलेटिनचा तुकडा धरून कापडावर बघितलं तरी अंदाज येतो. आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ चेहऱ्यांना १४७ आणि १५२ फार छान दिसतात असं माझं मत आहे. हिरवट निळा समोरून मारला तर माणूस आजारी दिसतो, म्हणून तो मागून किंवा बाजूने ठेवा.

४. फ्रेम: सर्वांत साधं यंत्र, सर्वांत जास्त दुर्लक्ष

दिव्याच्या तोंडाशी खाचा असतात, त्यात फ्रेम सरकते. माप दिव्यागणिक वेगळं. सोर्स फोर बनावटीच्या प्रोफाइलच्या (कडा नेमक्या करता येणाऱ्या दिव्याच्या) नेहमीच्या लेन्सला ६.२५ इंच, सोर्स फोर पारला ७.५ इंच, पार-६४ ला १० इंच. फ्रेनेलची (मऊ कडांचा प्रकाश देणाऱ्या दिव्याची) मापं इतकी वेगवेगळी असतात की प्रत्यक्ष खाच मोजल्याशिवाय कापू नका.

लीची शीट १.२२ मीटर लांब आणि ५३ सेंटिमीटर रुंद येते. तिच्यातून ६.२५ इंचाचे २१ तुकडे निघतात, १० इंचाचे फक्त ८. हा हिशोब आधी केला तर खजिनदार तुमच्यावर खूश राहील. कापताना तुकडा फ्रेमच्या बाहेरच्या मापापेक्षा दोनेक मिलिमीटर कमी ठेवा. कोपऱ्यात मार्करने नंबर लिहा, पण जिथून प्रकाश जातो तिथे नको. फ्रेमच्या भोकांतून पितळी पिन घाला म्हणजे तापल्यावर फिल्म आक्रसून बाहेर येत नाही. गॅफर टेपने चिकटवू नका. गोंद वितळून फ्रेम खाचेत अडकते आणि प्रयोगानंतर पकडीने ओढावी लागते.

खाचेच्या वरच्या बाजूला बहुतेक दिव्यांत एक छोटी चाप असते. ती बंद केल्याशिवाय खाली उतरू नका. दिवा जमिनीकडे झुकवला की उघडी फ्रेम घसरून नटाच्या डोक्यावर येऊ शकते. जिथे चाप तुटलेली असेल तिथे फ्रेमला बारीक तार बांधून ती दिव्याच्या योकला (दिवा टांगायच्या पट्टीला) अडकवा.

जिलेटिन मधोमध जळून भोक पडत असेल तर प्रोफाइलचा फोकस थोडा पसरवा, म्हणजे मधला तापलेला ठिपका विरतो. किंवा पारदर्शक हीट शील्ड वापरा. ते जिलेटिन आणि दिवा यांच्यामध्ये, जिलेटिनपासून अंतर राखून बसवायचं; चिकटवून बसवलं तर काही उपयोग नाही, हवा खेळली पाहिजे.

ज्या एकांकिकेत सगळे मिळून चार-पाच रंग आहेत, तिथे मी पुढे वाचूच नका असं म्हणेन. प्रत्येक रंगाला वेगळा दिवा ठेवा आणि डिमरने एकातून दुसऱ्यात जा. त्यासारखा मऊ रंगबदल कोणतंही यंत्र देत नाही. शिवाय स्पर्धेत सेट लावायला मोजकी मिनिटं मिळतात. तिथे नवीन यंत्र जोडत बसणं परवडत नाही.

५. फॉलोस्पॉटचा बूमरँग

बाल्कनीच्या मागून नटावर फिरणारा फॉलोस्पॉट पाहिलाच असेल. त्याच्या पुढच्या भागात बहुधा सहा रंगांच्या फ्रेम एकामागोमाग उभ्या असतात आणि प्रत्येकीला एक दांडी असते. दांडी ओढली की ती फ्रेम प्रकाशाच्या वाटेत येऊन अडकते. सोडायचा खटका दाबला की खाली पडते. याला बूमरँग म्हणतात. वीज नाही, डीएमएक्स नाही, पूर्ण हाताचं काम, आणि शिकायला यापेक्षा चांगलं यंत्र नाही.

पहिलं काम, दांड्यांवर स्वतः पट्ट्या चिकटवून नंबर घाला. कोणती फ्रेम कितवी हे प्रत्येक बनावटीत वेगळं असतं, त्यामुळे आधीच्या माणसाने लिहिलेल्या नंबरांवर विसंबू नका. अंधारात नंबर वाचता येत नाही, म्हणून पहिल्या आणि चौथ्या दांडीला टेपची गाठ मारा. बोटांनी मोजता येईल.

दुसरं, पहिल्या जागी रंग लावूच नका, तिथे लीचा २०४, २०५ किंवा २०६ लावा. बऱ्याच फॉलोस्पॉटमध्ये डिस्चार्ज दिवा असतो आणि त्याचा प्रकाश निळसर पांढरा असतो. रंगमंचावरचे हॅलोजन पिवळट, साधारण ३२०० केल्विनचे. मध्ये काही नसलं तर नायिका बाकीच्या दृश्यातून कापून काढल्यासारखी दिसते. २०४ पूर्ण ऊब देतो, २०५ अर्धी, २०६ पाव. तालमीत तिन्ही बघून एक निवडा आणि तो प्रयोगभर वाटेतच ठेवा. इतर रंग त्याच्यावर चढवायचे.

आता बदल. एका रंगातून दुसऱ्यात जाण्याच्या तीन पद्धती आहेत. नवी फ्रेम आधी चढवून मग जुनी सोडली, तर मध्ये क्षणभर दोन्ही एकावर एक येतात आणि प्रकाश दबतो. जुनी आधी सोडली तर मध्ये पांढरा लखकन येतो. तिसरी पद्धत म्हणजे शटर बंद करायचं, फ्रेम बदलायची, शटर उघडायचं. रंग एकाच घराण्यातले असतील, म्हणजे १५२ वरून १४७, तर पहिली पद्धत. लालावरून निळ्यावर जायचं असेल तर तिसरीच. दुसरी पद्धत फक्त धक्का हवा असेल तिथे, आणि दिग्दर्शकाला विचारून. इथेही जोड्यांची यादी समोर ठेवा: उघड्या बदलाचे दोन रंग शेजारच्या दांड्यांवर हवेत, म्हणजे एकाच हाताच्या दोन बोटांत येतात.

दांडी सोडताना खट्ट आवाज होतो आणि शेवटच्या रांगांना तो ऐकू जातो. खटका दाबताना दुसऱ्या हाताने दांडी धरून हळूच खाली न्या. दहा मिनिटांच्या सरावात हे हाताला बसतं. आणि हातमोजे घाला. तापलेल्या फ्रेमचा चटका फार वाईट असतो.

फिरतं कलर व्हील थोडक्यात उरकतो. मोटरवर फिरणारी चकती, तिच्यात पाचेक रंगांची भोकं, दिव्यापुढे बसवायची. नाच, गणेशोत्सवातले कार्यक्रम, सतत रंग पालटत राहावेत अशा जागी ठीक. साध्या चकतीला ठरावीक रंगावर नेमकं थांबवता येत नाही, म्हणून नाटकात तिच्यावर भिस्त ठेवू नका.

६. स्क्रोलर

दोन रुळांवर गुंडाळलेली जिलेटिनची लांब पट्टी, मोटर ती पुढे-मागे सरकवते, आणि हवा तो रंग दिव्यापुढे येऊन थांबतो. एका पट्टीत साधारण १६ रंग मावतात. एलईडी पार आल्यापासून स्क्रोलर मागे पडला हे खरं आहे, आणि आपल्याकडे तो कोणत्याही पुरवठादाराकडे सहज मिळेल असंही नाही. आधी फोन करून विचारा. पण हॅलोजन प्रोफाइलने त्वचेवर जी ऊब येते ती ठेवून दहा-बारा रंग हवे असतील, तर मला आजही स्क्रोलर आवडतो.

(अ) पट्टीचा क्रम. जोड्यांची यादी पुन्हा काढा. उघड्या बदलांच्या जोड्या शेजारी-शेजारी ठेवा आणि बाकीचे रंग त्यांच्या भोवती बसवा. वरच्या उदाहरणात १४७ आणि १६१ शेजारी येतील. १४७ च्या अलीकडे १५२, १०३. १६१ च्या पलीकडे १३२, ११९. लाल, नारिंगी आणि इतर प्रसंगापुरते रंग एका टोकाला, कारण ते झाकल्या बदलात येतात. बिनरंगी पारदर्शक तुकडा पट्टीच्या अगदी मध्ये टाकण्याचा मोह होतो, तो टाळा. उघड्या बदलात त्याच्यावरून गेलात की पांढरा लखलखाट होतो. त्याची जागा सुरुवातीला.

सगळ्या स्क्रोलरमध्ये हाच क्रम हवा. चार स्क्रोलर दोन वेगळ्या पुरवठादारांकडून आणले आणि पट्ट्या जुळतात की नाही हे तपासलं नाही, तर एकाच क्यूला दोन दिवे निळे आणि दोन गुलाबी होतात. सामान घेताना गोदामातच प्रत्येक पट्टी पूर्ण उलगडून बघा.

(ब) पट्टी बनवणं. पुरवठादाराची पट्टी तुमच्या क्रमाची नसेल तर नवी बनवावी लागते. मोठं टेबल ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा, पंखा बंद करा. प्रत्येक तुकड्याचं माप स्क्रोलरच्या पुस्तिकेत असतं, त्यात कमी-जास्त करू नका. टेबलाच्या कडेला स्टीलची पट्टी चिकटवून टाका आणि प्रत्येक तुकड्याची खालची कड तिला टेकवा. पहिल्या दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींवर किंचित चढवा, वरून टेप लावा, नखाने किंवा प्लॅस्टिकच्या कार्डाने मधून बाहेरच्या दिशेने दाबत हवेचे बुडबुडे काढा, उलटा करून मागूनही टेप लावा. टेपची बाहेर आलेली टोकं कटरने फिल्मच्या कडेला बरोबर कापा. कडेबाहेर केसभर टेप राहिली तरी ती रुळाला चिकटते.

एक जोड तिरका झाला की पुढची सगळी पट्टी तिरकी जाते, एका बाजूला सरकत कडेला घासते आणि ऐन प्रयोगात फाटते. म्हणून चार-चार तुकड्यांनंतर पट्टी टेबलाच्या कडेला लावून सरळ आहे का बघा. तिरकी असेल तर तो जोड कापून पुन्हा करा, ओढून सरळ करायला जाऊ नका. दोन्ही टोकांना रुळावर गुंडाळायला जास्तीचा पारदर्शक तुकडा सोडा. सेलोटेप का नको, ते इथे कळतं: तापली की तिचा गोंद पाझरतो, गुंडाळलेले थर एकमेकांना चिकटतात आणि मोटर कण्हायला लागते. आपल्या पावसाळी दमटपणात तर हे आणखी लवकर होतं.

(क) जोडणी. हा भाग दोनदा वाचा. दिव्याची वायर डिमरला जाते. स्क्रोलरचा पॉवर सप्लाय डिमरला कधीही लावायचा नाही. त्याला थेट, न मंदावणारी २३० व्होल्टची लाइन हवी. डिमरवर लावला तर कमी-जास्त व्होल्टेजने इलेक्ट्रॉनिक्स जळतं, आणि नुकसानभरपाई तुमच्या ग्रुपच्या खिशातून जाते. नाट्यगृहात कोणते सॉकेट डिमरचे आणि कोणते थेट, हे तिथल्या इलेक्ट्रिशियन काकांना विचारून प्लगवर टेप लावून लिहा.

पॉवर सप्लायमधून चार पिनांची एक केबल निघते. तीच स्क्रोलरला २४ व्होल्टची वीजही देते आणि डीएमएक्सचा निरोपही पोचवते. एका स्क्रोलरमधून दुसऱ्यात अशी माळ जोडत जायचं. एका सप्लायवर किती स्क्रोलर चालतात हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं, त्यापुढे जाऊ नका. केबल फार लांबवली तर व्होल्टेज पडतं आणि शेवटचा स्क्रोलर अडखळतो. कन्सोलपासून (लाइट्स चालवायच्या टेबलापासून) सप्लायपर्यंत डीएमएक्सचीच केबल वापरा, माइकची नको, आणि डीएमएक्सच्या शेवटच्या टोकाला १२० ओहमचा टर्मिनेटर लावा. पट्टी अधूनमधून आपोआप थरथरत असेल तर आधी हे दोन तपासा.

(ड) ॲड्रेस आणि आकडे. डीएमएक्स ५१२ हे मानक अमेरिकेतल्या यूएसआयटीटी या संस्थेने १९८६ मध्ये मुळात डिमरसाठी आणलं. एका केबलवर ५१२ चॅनेल, प्रत्येकाला ० ते २५५ किंमत. स्क्रोलर असलेल्या प्रत्येक दिव्याला कन्सोलवर निदान दोन चॅनेल लागतात: एक डिमरचं उजेडासाठी, एक स्क्रोलरचं रंगासाठी. काहींना पंख्याचं किंवा वेगाचं वेगळं चॅनेल असतं.

पहिला रंग ० वर आणि शेवटचा २५५ वर धरला तर मधलं अंतर २५५ ला "रंगांची संख्या वजा १" ने भागून मिळतं. १६ रंगांना १७. म्हणजे दुसरा रंग १७, तिसरा ३४, चौथा ५१. हे आकडे सुरुवातीपुरते. प्रत्यक्ष दिवा लावून, जोडाची रेघ प्रकाशात येत नाही ना हे बघून, दोन-तीनने पुढे-मागे करा आणि मगच प्रत्येक रंग कन्सोलमध्ये नावाने साठवा. "१४७ संध्याकाळ" असं नाव दिलं की तुमच्याऐवजी दुसरं कुणी बसलं तरी त्याला कळतं.

(इ) क्यू. झाकल्या बदलात आधी दिवा पूर्ण ०, मग पट्टी सरकवणारा क्यू, मग दिवा वर. बऱ्याच कन्सोलमध्ये अंधारात आपोआप सरकवण्याची सोय असते, पण सुरुवातीला हाताने वेगळे क्यू लिहा, म्हणजे यंत्र काय करतंय ते समजतं. उघड्या बदलात सरकायला वेळ द्या. संध्याकाळ ते रात्र वीस-तीस सेकंदांत गेली तर प्रेक्षकाला पट्टी सरकल्याचं कळत नाही, फक्त अंधारून आल्यासारखं वाटतं. दोन रंगांच्या मधोमध थांबलात तर अर्धा प्रकाश एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्याचा येतो; पहाटेसाठी हे मुद्दाम करून बघा, फार सुंदर दिसतं.

स्क्रोलरला पंखा असतो आणि तो गुणगुणतो. शांत प्रवेश असेल, नट कुजबुजत असतील, तर प्रेक्षकांच्या जवळच्या बारवर स्क्रोलर ठेवू नका. पण पंखा बंदही करू नका, जिलेटिन जळेल.

७. मूव्हिंग हेडच्या आत

स्क्रोलर न मिळाल्यास मूव्हिंग हेड मिळतील. त्यांच्यात जिलेटिनऐवजी डायक्रोइक काच असते. ती नको असलेला प्रकाश शोषत नाही, परतवून लावते, म्हणून जळत नाही आणि रंग वर्षानुवर्षं टिकतो. वॅरी-लाइटने असे दिवे १९८१ मध्ये जेनेसिस या बँडच्या बार्सिलोनातल्या कार्यक्रमात प्रथम वापरले, आणि तिथून ते जगभर गेले.

दोन प्रकार बघायला मिळतात. पहिल्यात रंगीत काचांची चकती. तिचा क्रम कारखान्यात ठरलेला असतो, तुम्हाला बदलता येत नाही, त्यामुळे जोड्यांची यादी घेऊन उलटं काम करावं लागतं: चकतीवर शेजारी असलेल्या रंगांतून उघडा बदल निवडा, किंवा तो बदल दुसऱ्या दिव्यांना द्या. चॅनेलच्या वरच्या किमतींवर चकती गरगर फिरायला लागते, म्हणून तो फेडर कधीही सरळ २५५ ला नेऊ नका. दुसऱ्या प्रकारात सायन, मॅजेंटा आणि यलो अशा तीन काचा हळूहळू आत येतात. मॅजेंटा आणि यलो पूर्ण आत आणले की लाल, सायन आणि यलोने हिरवा, सायन आणि मॅजेंटाने निळा. इथे क्रमाची अडचण नाही, तिन्ही एकाच वेळी सरकतात. नाटकासाठी भाड्याने घेताना हाच प्रकार मागा, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

८. नाट्यगृहात पोचल्यावर

गडकरी रंगायतन असो, घोडबंदर रोडकडचं घाणेकर असो की वाशीचं विष्णुदास भावे, बाहेरची यंत्रं लावायची असतील तर आधी एकदा जाऊन तिथल्या तंत्रज्ञांना भेटून या. कोणता बार खाली येतो, कुठे शिडी लागते, थेट लाइन किती आहेत, कन्सोल कोणता आहे, फॉलोस्पॉट चालू आहे का, हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. ही माणसं रोज तिथे असतात, त्यांना चहा पाजून आदराने विचारलं तर पुस्तकात नसलेलं पुष्कळ सांगतात.

प्रयोगाच्या दिवशी स्क्रोलर बारवर चढवण्याआधी जमिनीवरच जोडून एकदा पहिल्या रंगापासून शेवटच्यापर्यंत चालवा. बारवर गेल्यावर दिव्याची आणि स्क्रोलरची सेफ्टी वायर वेगवेगळी बांधा. वीज चालू केली की स्क्रोलर आपली टोकं शोधायला पूर्ण पट्टी एकदा पुढे-मागे पळवतो, त्याचा आवाज होतो, म्हणून प्रेक्षक आत यायच्या आधीच चालू करा आणि मध्यंतरातही बंद करू नका. तिसऱ्या घंटेआधी सगळे क्यू रंगांपुरते भरभर चालवून बघा.

एखादा स्क्रोलर प्रयोगात अडकलाच, तर त्याचा डिमर खाली घ्या आणि शेजारच्या दिव्याने भागवा. प्रकाशातच पट्टीशी झटापट करू नका; चुकीच्या रंगापेक्षा धावणारी पट्टी प्रेक्षकाच्या जास्त लक्षात राहते. यासाठी प्रत्येक जागेला एक बिनरंगी किंवा फिकट रंगाचा साधा दिवा राखून ठेवा.

९. उतरवताना

दिवे निवायला निदान पंधरा मिनिटं द्या. स्क्रोलरची पट्टी पहिल्या रंगावर आणून मगच वीज बंद करा. फ्रेममधलं जिलेटिन काढून उजेडासमोर धरा: मध्ये फिका गोल दिसत असेल तर फेकून द्या, ठीक असेल तर नंबराप्रमाणे फायलीत ठेवा. कोरड्या जागी, उभं, मध्ये साधा कागद घालून. पावसाळ्यात फायलीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि फ्रेमला गंज धरत असेल तर पुसून काळा हीटप्रूफ रंग मारा.

भाड्याचं सामान परत करताना जे तुकडे जळाले, जो स्क्रोलर अडखळला, जी केबल सैल होती, ते सगळं चलनाच्या मागे लिहून द्या, एक फोटो काढा आणि पुरवठादाराच्या माणसाची सही घ्या.